होसकोट्याचे मशीन कोणी उघडले?

ती तक्रार टेबलावर आली तो दिवस अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. बेंगळुरूच्या एका सायबर पोलीस ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो. डायलिसिसची यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीचे वकील आले होते. त्यांचा एक सर्व्हिस इंजिनिअर, मूळचा नागपूरचा, नोकरी सोडून प्रतिस्पर्धी कंपनीत गेला होता. दोन वर्षे प्रतिस्पर्ध्याकडे काम करणार नाही, असा करार त्याने रुजू होतानाच सही करून दिला होता. मी वकिलांना सांगितले की नोकरी सुटल्यानंतर अशी अट न्यायालयात सहसा टिकत नाही, आणि टिकली तरी ते प्रकरण दिवाणी आहे.

ते हसले. त्यांच्याकडे पुढचा डाव तयार होता. नोकरी सोडल्यानंतर या इंजिनिअरने शहराजवळच्या होसकोट्याच्या एका लहान रुग्णालयात जाऊन त्यांच्या मशीनचे सर्व्हिस लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठीचे डिजिटल कुलूप, पासवर्डने उघडले होते. मशीनमध्ये तशी नोंद होती. म्हणजे अनधिकृत प्रवेश आणि माहितीची चोरी. गुन्हा नोंदवणे भाग होते. त्यांना ताबडतोब अटक हवी होती. मी चौकशीची नोटीस काढली.

इंजिनिअर सर्जापूर रोडवरून बायकोला घेऊन आला. नव्या कंपनीने त्याला घरी बसवले होते. दोषारोपपत्र गेले तर कामावर येऊ नका, असे स्पष्ट सांगितले होते. मी विचारले, मशीन उघडलेस का? तो लगेच हो म्हणाला. पासवर्ड कोणी दिला, या प्रश्नावर मात्र त्याचे तोंड बंद झाले. निरनिराळ्या तऱ्हेने विचारले, चहा पाजून विचारले, आवाज चढवून विचारले. प्रत्येक वेळी तेच उत्तर. "सर, उघडलं मी. लिहून घ्या."

बाहेर बाकावर बसलेली त्याची बायको मला म्हणाली, "साहेब, तुम्हीच बोलतं करा बाप्पा याला. घरी तर भिंतीशी संसार चाललाय माझा." बोलणे थट्टेचे होते, पण तिचे डोळे भरलेले होते.

गुन्हेगार बहुतेक वेळा आधी कृत्य नाकारतो, आणि पकडला गेला की दुसऱ्याचे नाव पुढे करतो. हा माणूस नेमका उलटा वागत होता. तिथेच मला शंका आली.

दोन-तीन दिवसांनी ठाण्याच्या फोनवर कोणीतरी मला मागितले. कन्नडमध्ये बोलत होता, पण सूर आमच्या सीमाभागाचा. मी निपाणीकडचा, त्यामुळे ओळखला. मी मराठीत बोललो तसा तोही मराठीवर आला. "साहेब, तो पासवर्ड दर आठवड्याला बदलतो. पोरानं चोरलेला नाही. कंपनीतल्याच कुणीतरी दिलाय. तेवढं स्वल्प बघा." फोन बंद.

कंपनीकडे खात्री केली. पासवर्ड खरोखरच दर आठवड्याला बदलत होता, आणि मशीन उघडले तेव्हा इंजिनिअरला नोकरी सोडून महिना उलटून गेला होता. मग मी होसकोट्याला गेलो. तिथल्या नर्सने सांगितले की त्या दिवशी मशीन अडले, रुग्ण खोळंबले, आणि कंपनीचे लोक उद्या येतो म्हणाले. नंतर हा आला, मशीन सुरू केले आणि निघून गेला. तांत्रिक तपासणीतही माहिती बाहेर नेल्याची खूण सापडली नाही. शेवटी कॉल रेकॉर्ड आले. मशीन उघडण्याच्या थोडे आधी इंजिनिअरला एक फोन आला होता. त्याच्या मोबाइलमधून ती नोंद पुसलेली होती. नंबर त्याच्या जुन्या सर्व्हिस मॅनेजरचा होता.

शिपाई पाठवून त्यांना आणवता आले असते. पण मग कंपनीभर बोभाटा झाला असता. मी स्वतः फोन लावला. "हॅलो" ऐकताच त्या निनावी फोनवाल्याचा आवाज ओळखला. ठाण्यातून बोलतोय, असे सांगून म्हणालो, "त्या दिवशी तुमचं बोलणं अर्धं राहिलं." मग ते म्हणाले, "उद्या येतो, साहेब."

ते स्वतःहून आले. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणत. इंजिनिअरलाही मी बोलावले होते. त्यांना पाहताच तो उठला. "अण्णा, तुम्ही कशाला आलात? थोडेच महिने राहिलेत तुमचे."

"गप बस रे. फोन मी केलता, आणि निस्तरणार तू?" मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "लिहा साहेब. माझ्याकडं माणूस नव्हता. पेशंट ताटकळलेले. हा दुसऱ्या कंपनीत गेलाय, हे मला ठाऊक होतं. तरी बोलावलं, कारण बोलावलं की हा येणार, हेही ठाऊक होतं. पासवर्ड मी दिला."

मी जबाब नोंदवला. मॅनेजरनेच परवानगी दिल्यावर प्रवेश अनधिकृत उरला नाही. न्यायालयाला तसा अंतिम अहवाल गेला आणि इंजिनिअर कामावर परतला. अण्णांना कंपनीने काढून टाकले. इंजिनिअरने आपल्या नव्या कंपनीत त्यांच्यासाठी शब्द टाकला, पण अण्णांनी हसून नकार दिला. या वयात नव्या मशीनची नखरेबाजी सोसणार नाही, म्हणाले.

पुढे आमची ओळख वाढली. ते हेब्बाळला राहत. तळ्याकाठी फिरायला जाऊ, पुस्तकांची देवाणघेवाण करू. एकदा मी विचारले, पहिल्याच फोनवर नाव का सांगितले नाही? ते म्हणाले, "त्या दिवशी धीर तेवढाच झाला." उरलेल्या सेवेत मला हे वाक्य फार उपयोगी पडले. अर्धे सांगणाऱ्याला मी पुन्हा कधी दरडावले नाही. त्याला थोडा वेळ आणि बंद दाराआडचा एकांत दिला. त्यातले बरेचजण उरलेले सांगायला परत आले. आणि गप्प बसणाऱ्या आरोपीला मी आधी विचारू लागलो, तू कोणाला वाचवतो आहेस?

गेल्या महिन्यात अण्णा गेले. तेव्हापासून हे लिहितो आहे, दिवसाला चार-दोन ओळी. लिहायची परवानगी त्यांनी जिवंतपणीच दिली होती, पण एका अटीवर. कंपनीची बदनामी होता कामा नये.

"त्यांनी तर तुम्हाला काढलं," मी म्हणालो.

"काढलं. पण पोरांची शिक्षणं त्याच पगारावर झाली, साहेब."

म्हणून इथे कंपनीचे नाव नाही.