नदीतले बेट आणि काळा खडक

बेटावर चढायला शिक्षण लागत नाही. डोंगा काठाला बांधायला मात्र लागत असावे, असे आमच्या घरात सर्वांना वाटत होते. म्हणून ते काम माझ्याकडे आले.

आमच्या घराण्यातून कॉलेजात पोचलेला मी पहिला. दुसऱ्या दिवशी वर्ध्याला इंटरचा पहिला पेपर होता, आणि सायंकाळची एकुलती एक मोटार चुकली की वर्ष गेलेच! तरी मायने मला गावी बोलावले होते. नदीच्या मधोमध एक ओसाड बेट आहे. त्याच्या माथ्यावरच्या मारोतीपुढे नारळ फोडल्याशिवाय पेपरला जायचे नाही, असा तिचा हुकूम होता.

माय, बाबा, आत्या आणि मी डोंग्यात बसलो. चष्मा माझ्या खिशात होता. (कॉलेजात लावत असे. पण माय म्हणायची, "गावात लावू नको बाप्पा, आंधळ्याले पोरगी कोण देईन?")

बेटाला लागताच बाबा म्हणाले, "दोर पक्का बांधजो."

काठाशी पाण्यात एक मोठा काळा खडक होता, आणि त्यातून एक वाकडे, वाळलेले मूळ वर आले होते. निदान मला तरी ते मूळच वाटले. मी त्याला चांगल्या घट्ट गाठी मारल्या.

"खडक हालला काय रे?" आत्याने विचारले.

"खडक कसा हालेल, आत्या?" मी शक्य तितक्या नम्रपणे म्हणालो.

"हो बाप्पा, तू शिकेल हायेस!"

चढण सगळी काट्यांची. आत्याचे लुगडे एका बोरीतून सुटले की दुसरीत अडके. मी सारखा सूर्याकडे पाहत होतो. "बाबा, मोटार मिळेल ना?"

"मिळन ना रे! तू पाय उचल."

धापा टाकत माथ्यावर पोचलो. नारळ हातात घेतला, सहज खाली पाहिले, तर डोंगा निघाला होता! रिकामा! वल्ह्याशिवाय! गावाच्या दिशेने!

"भूत वं माय!" आत्या किंचाळली.

बाबांनी डोळ्यांवर हात धरला. "भूत नाई. आपली मैना हाये."

मैना म्हणजे आमची म्हैस. दूध काढायची वेळ झाली की ती आपली आपण घरी निघते. "काऊन रे," बाबा सावकाश म्हणाले, "तू डोंगा म्हशीच्या शिंगाले बांधला?"

मी चष्मा लावला. खडक पोहत होता.

मोटार! परीक्षा! मी दोन्ही हात डोक्याला लावले, आणि नारळ निसटला. तो टणाटणा उड्या मारत उतरणीवरून थेट नदीत पडला. मैना दचकली आणि दुप्पट वेगाने निघाली. बाबा दुपट्टा हलवू लागले. आत्या ओरडली, "हाट! हाट!"

"आत्या, तसं म्हणून हाकलतात!"

"मग तू इंग्रजीत बोलाव!"

तेवढ्यात मायने तोंडाशी हात धरून नेहमीची हाक दिली, "मैनेऽऽ! ढेप घे वं, ढेप!"

मैना थांबली. कान हलवले. मग वळली आणि डोंग्यासकट परत आली.

आम्ही घसरत, पडत खाली पोचलो. मैना मायकडे टक लावून पाहत होती. ढेप, म्हणजे सरकीची पेंड, इथे कुठून आणणार? मायने पाण्यात तरंगणारा नारळ उचलला, दगडावर फोडला आणि खोबरे मैनेच्या तोंडात दिले.

"माय, तो मारोतीचा होता!" मी ओरडलो. "आता मी नापास झालो तर?"

"मारोती समजून घेईन. मैना नाई घेणार. आन् तू तो चष्मा लावूनच राह्य बाप्पा. पोरगी नाई भेटली तं नाई, म्हैस तं दिसली पाह्यजे!"

मोटार मिळाली. ओल्या धोतरानिशी वर्ध्याला पोचलो, आणि पुढे पासही झालो. चष्मा तेव्हापासून उतरलेला नाही.

पण अजूनही नदीवर गेलो, की कुठल्याही काळ्या खडकावर बसण्याआधी इकडेतिकडे पाहून मी त्याला हळूच हाक मारतो, "मैने?"