रहाटाकडून आलेल्या तीन हाका

आपल्या मासिकात लोकांचे भुताखेतांचे अनुभव छापून यायला लागल्यापासून मी ते नेमाने वाचतो आणि नेमाने हसतो. आमच्या गावात चिंचेखाली कोणी बाई दिसते म्हणून पोरं शाळेत वळसा घालून यायची, तर मी तिसरीचा वर्गच महिनाभर त्या चिंचेखाली भरवला. बाई आली नाही. डोक्यावर चिंचा तेवढ्या पडल्या. हे एवढ्यासाठी सांगतो, की पुढे जे लिहिणार आहे ते घाबरट माणसाने लिहिलेलं नाही. वाचकांनी कृपा करून हे ध्यानात ठेवावं.

गोष्ट एकतीस-बत्तीस सालची, माघ महिन्यातली. ठिकाण नागाव, अलिबागेहून अडीच कोस. मी इथल्या मराठी शाळेचा मास्तर. घरची लहानशी वाडी आहे. वरच्या टोकाला घर, खालच्या टोकाला विहीर, आणि मधे दीडशे पावलं नुसत्या नारळी-पोफळी. विहिरीवर रहाट आहे. ढवळ्या नावाचा आमचा बैल तो ओढत गोल फिरतो आणि रहाट असा काही किंचाळतो, की शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तरी ओरडून बोलावं लागतं.

तर ओरडण्यात मी कोणाला हार जाणारा नव्हतो. माझा आवाज गावात प्रसिद्ध! वर्गात पाढे सांगायला लागलो, की देवळातल्या गुरवाला ऐकू जायचे. ढवळ्या रहाटाला जुंपलेला असताना माझ्या एका हाकेसरशी जागच्या जागी थांबायचा. इतर कोणाचं तो ऐकत नसे.

आणि एक जण कधीच पहिल्या हाकेला ऐकत नसे. आमची ही. माझं कुटुंब.

तिच्या माहेरी, हरिहरेश्वराकडे, असं मानतात की एका हाकेला ओ देऊ नये. जे माणूस नाही ते एकदाच हाक मारतं, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा मारतं ते माणूस. मी पडवीतून ‘अगं ऐकलंस काऽऽ’ म्हणून ओरडावं, तर आत सामसूम. पुन्हा ओरडावं, तरी सामसूम. तिसऱ्या हाकेला मग सावकाश ‘ओ’ यायची. मी चिडायचो. म्हणायचो, ‘अगो बाई, भुताला काय माझ्या आंघोळीचं पाणी हवंय?’ तर ही शांतपणे म्हणणार, ‘पहिल्या दोन त्यांच्या. तिसरी तुमची.’ लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षं मी रोज तीन-तीन हाका मारत होतो.

असो. आता जबड्याचं सांगतो.

रहाट उलटा फिरू नये म्हणून त्याला एक लाकडी खुंटी असते. ती मोडली, की पाण्याने भरलेले लोटे आपल्या वजनाने खाली जातात आणि बैलाचा आडवा दांडा उलट्या दिशेने फिरतो. पौषात एका संध्याकाळी मी रहाटाशी वाकलो असताना ती मोडली. दांडा माझ्या तोंडावर बसला. मला आठवतं ते एवढंच, की मी विहिरीच्या काठाशी आडवा पडलो होतो आणि माझी दाढ माझ्याच हातात होती.

मुंबईला नेलं. रेवसहून लाँचने, तोंडाला पंचा बांधून. इस्पितळातल्या डॉक्टरसाहेबांनी एक्स-रे काढला, दोन जागी मोडलाय म्हणाले, ऑपरेशन केलं, आणि वरचे दात खालच्या दातांना तारेने घट्ट बांधून टाकले. सहा आठवडे तोंड बंद! बारा दिवसांनी घरी सोडताना त्यांनी आमच्या हिच्या हातात एक लहानशी पक्कड दिली. म्हणाले, ‘बाई, ही पेशंटच्या उशाशी खिळ्याला टांगून ठेवा. तोंड बंद असताना उलटी झाली, तर ती श्वासात जाऊन माणूस गुदमरतो. मळमळ सुरू झाली, की आधी तारा तोडायच्या. मला विचारायला मागाहून या.’ हिने पक्कड पदराच्या गाठीत बांधली ती घरी येऊन खिळ्याला अडकवेपर्यंत सोडली नाही.

घरी आल्यावरचे ते दिवस... काय सांगू! तोंड सुजून भोपळा झालेलं. हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधलेली. मेलेल्या माणसाचा जबडा बांधतात ना, तशी. पहिल्या दिवशी आरशात बघून मला हसू आलं आणि हिला रडू आलं. झोपायचं ते तीन लोड पाठीशी घेऊन, बसल्या बसल्या. लाळ गळायची म्हणून खांद्यावर कायम फडकं. पडलेल्या दाढेच्या जागी एक फट होती, तिच्यातून रबराची नळी सरकवून गाळलेली पेज, नारळाचं दूध, कुळथाचं कढण. शेजारच्या घरात तव्यावर बांगडे पडले की मी डोळे मिटून घ्यायचो. समाचाराला येणारी माणसं माझ्याशी मोठमोठ्याने बोलायची, जणू मोडलाय तो माझा कान!

बोलायचं म्हणजे दातांमागून नुसतं ‘ऊं... ऊं.’ म्हणून मी शाळेतली पाटी मागवली. तिच्यावर लिहायचं. पाटीवर ओरडता येत नाही, ही मोठी अडचण. मी ‘गरम पाणी’ लिहून खाली तीन रेघा मारायचो. ही बघून म्हणायची, ‘तीन रेघा कशाला? आता एकीलासुद्धा आणते की.’ हाक मारायला हाताशी देवघरातली घंटा ठेवली होती. घंटेला मात्र ती पहिल्या ठोक्याला धावत यायची. मी पाटीवर लिहिलं — घंटा वाजवणारं भूत नसतं वाटतं? ती म्हणाली, ‘देवाची आहे ती. थट्टा पुरे.’

आता त्या दिवसाकडे येतो.

नुसत्या पातळ खाण्याने चार दिवस पोट साफ नव्हतं. सकाळी हिने चमचाभर एरंडेल काढलं. मी पाटीवर लिहिलं — दुप्पट. ती नको म्हणाली. मी ‘दुप्पट’खाली तीन रेघा मारल्या. मास्तरकीची खोड, दुसरं काय! शेवटी तिने दोन चमचे आल्याच्या चहात घालून नळीतून सोडले. वर मी हट्टाने वाटीभर दाट पेज घेतली. हा मूर्खपणा सर्वस्वी माझा. यात कोणा भुताचा हात नाही.

साडेअकराच्या सुमाराला ही वाडीला पाणी सोडायला गेली. मी आजारी, तेव्हा रहाटाचं काम तिच्याच गळ्यात. घरात मी एकटा. ऊन लख्ख पडलं होतं. खालून रहाटाचं किंचाळणं ऐकू येत होतं.

आणि एकाएकी पोटातून ढवळून आलं.

मी घाबरलो नाही. पक्कड कुठे आहे ते मला माहीत होतं. मान न वळवता हात मागे खिळ्याकडे नेला. दोरी नाही, पक्कड नाही. वळून बघितलं, नुसता खिळा. घंटेसाठी हात मारला, तर ती घरंगळून पलंगाखाली गेली. तेवढ्यात उलटी आली. दातांच्या फटींतून थोडं बाहेर पडलं, बाकीचं सगळं नाकात आणि घशात. श्वास बंद. मी खाली पडलो. दारापर्यंत सरपटत जावं म्हटलं, तर दोन हात सरकलो आणि डोळ्यांपुढे काळं यायला लागलं.

मला मरायचं नव्हतं. साफ सांगतो, त्या वेळी मला देवबीव काही आठवला नाही. मनात एकच होतं, की ही येईल, मला असं बघेल, आणि पक्कड जागेवर का नव्हती याचा जाब जन्मभर स्वतःलाच विचारत बसेल. तिला हाक मारायची होती. जीव तोडून मारायची होती. तोंडातून मात्र फुंकरसुद्धा निघाली नाही.

पुढचं मला आठवतं ते असं, की ओठांवर लोखंड टेकलं, कट कट आवाज झाले, कोणीतरी मला कुशीवर ओढलं आणि पाठीत गुद्दे घातले. आणि वारा आत शिरला. नागावची हवा मी जन्मभर फुकट घेत आलो होतो, तिची गोडी मला तेव्हा कळली. डोळे उघडले तर ही. हातात पक्कड. दारात हिरू, आमचे नारळ उतरवणारा, छाती धपापत उभा.

पक्कड तिच्याकडे कशी? तर रहाटाच्या एका लोट्याची तार सुटली होती. पाच मिनिटांत आवळून परत आणू, म्हणून ती खिळ्यावरून पक्कड घेऊन गेली. रहाट असलेल्या घरात तार सुटली की हात आपोआप पक्कडीकडे जातो. मीही तेच केलं असतं. तिला मी यावरून आजवर एक शब्द बोललो नाही, आणि बोलणारही नाही.

मी पाटीवर लिहिलं — कशी आलीस?

ती म्हणाली, ‘म्हणजे? हाका कोणी मारल्या मग?’

तिने सांगितलं ते असं. रहाट चालू होता. लोटा काढून काठावर ठेवला होता आणि ती वाकून त्याची तार आवळत होती. अगदी मागून, हातभर अंतरावरून, माझी हाक आली — ‘अगं ऐकलंस काऽऽ!’ जुनी, शाळेतली, गुरवाला ऐकू जाणारी. ढवळ्या जागच्या जागी थांबला. रहाट गप्प झाला. ती वळली, तर मागे कोणी नाही. तिला पक्कं माहीत होतं, की माझं तोंड तारेने बांधलेलं आहे. ‘आ’ करायला दात सुटायला हवेत! म्हणजे हे ते नव्हेत, हे दुसरंच काही, असं तिने धरलं आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली. दुसरी हाक आली. तरी ती हलली नाही. ‘देवा रे, आता तिसरी नको’ म्हणत होती, म्हणे. आणि तिसरी आली.

‘तिसरी तुमची,’ ती म्हणाली. ‘मग मी काही बघितलं नाही. ओसुद्धा दिली नाही हो मी, नुसती धावले.’ आणि ती ढसाढसा रडायला लागली. मीही रडलो. सांगायला लाज कसली?

वाचक म्हणतील, भास. मीही आधी तेच म्हटलं असतं. पण हिरू त्या वेळी माडाच्या शेंड्यावर होता. मी पाटी टाकून दातांमागून कसंबसं विचारलं. आता तारा तुटलेल्या, तरी जबडा हलत नव्हता. तो म्हणाला, ‘व्हय मास्तर, मी बी आयकली ना! तीनदा. म्हनून तर सरसर उतरलो.’ घराकडून ना, मी विचारलं. त्याने मान हलवली. ‘न्हाय. घराकडनं न्हाय. रहाटाकडनं. तुमी पडला व्हता ना... तितनं.’

मुंबईला जाऊन पुन्हा तारा घालून घ्याव्या लागल्या. डॉक्टरसाहेबांना हाकांचं सांगितलं, तर ते म्हणाले, ‘बाई हुशार आहेत,’ आणि कामाला लागले. चैत्रात तारा सुटल्यावर मी माझ्या पद्धतीने तपास केला. रहाट चालू ठेवला, हिला तिथे उभी केली, आणि पलंगावरून शक्य तितक्या जोराने ओरडलो. तिला काही ऐकू गेलं नाही. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, साळुंकीने नक्कल केली असेल. मी म्हटलं, तीनदा? आणि माझ्या आवाजात? त्या साळुंकीला मी शाळेत नोकरी देतो! माणसांना भास होतो हे एक वेळ मान्य. पण ढवळ्या कशाने थांबला? त्याला कोणी माहेरचं काही शिकवलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. माझा तो आवाज परत आला नाही. जबडा आता दोन बोटांपुरता उघडतो. पाढे सांगताना शेवटच्या बाकावरची पोरं ‘काय, मास्तर?’ म्हणतात. ढवळ्याला थांब म्हटलं तर तो कानसुद्धा हलवत नाही. माझी गुरवापर्यंत जाणारी हाक लोकांनी शेवटची ऐकली ती त्या दुपारी, रहाटापाशी, आणि ती मारायला मी तिथे नव्हतो.

चिंचेखालच्या बाईवर माझा अजूनही विश्वास नाही. कोणाला हवं असेल तर उद्या पुन्हा वर्ग भरवतो तिथे. पण या तीन हाकांचं काय, हे मला सांगता येत नाही. चार वर्षं विचार करतोय.

गंमत अशी, की मी आता तक्रार न करता तीनदा हाक मारायला तयार असतो. पण तशी वेळच येत नाही. माझा आवाज पडवीतून माजघरापर्यंत जेमतेम पोचतो, तरी ही पहिल्याच हाकेला ‘ओ’ देते. परवा न राहवून विचारलं, ‘काय गं, पहिल्या दोन त्यांच्या ना?’

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘त्या दिवशीच्या तिन्ही हाकांना ओ द्यायची राहिली. ती आता देतेय.’

मी पाणी मागायला आलो होतो, ते घेतलं आणि पडवीत जाऊन बसलो.