मोरीतला रातकिडा

किड्यांची ओळख आमच्या गावात माझ्याइतकी कुणाला नाही. म्हणूनच रातपाळीआधी घटकाभर झोपू न देणारा मोरीतला रातकिडा म्हणून मी नाकतोडा धरला आणि त्याच्यावर खेकसलो.

"अहो, मिशा बघा, आखूड आहेत," बायको म्हणाली. "रातकिडा काळपट असतो, मिशा अंगाहून लांब. पंखावर पंख घासून किरकिरतो."

"मग त्याला गप्प कर! डोकं उठलंय माझं!"

मी बादली आपटली. किरकिर थांबली. एवढासा जीव, पण एक दणका बसला की गप्प राहतो. मला आयुष्यात कितीतरी बसले, तरी ते जमलं नाही. मग राग माझाच मला आला आणि तोही मी ओरडूनच काढला.

"किरकिरतो तो नरच," बायको म्हणाली. "तो तर गप्प झालाय. आता तुम्ही व्हा."