कंबर ते घोटा, अर्धं बसून

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे बायकोने माझं माप घेतलं. नाचाच्या पोशाखाचं. मी एकसष्ट वर्षांचा, पोट सुटलेला, अंगात बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या दुकानाच्या मधोमध गुडघे दोन्ही बाजूंना फाकवून अर्धा बसलेला. भरतनाट्यमच्या पोरी बसतात तसा. त्याला अरमंडी म्हणतात. ती जमिनीवर, टेपचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं घोट्याला. समोर कॅमेरा घेऊन आमचा वरच्या खोलीतला भाडेकरू, पुण्याहून नोकरीला आलेला कंप्युटरवाला.

"आणखी खाली," ती म्हणाली.

"गुडघा गेला माझा."

"स्वल्प अजून. पोरी दोन-दोन तास नाचतात तशा. तुम्हाला दोन मिनिटं जमंना?"

"पोरी चौदा वर्षांच्या असतात."

"तुमच्यापेक्षा अक्कल जास्त असते त्यांना. हलू नका."

पुणेकर हसला, त्यामुळे पहिला फोटो हलला. दुसऱ्यात ती वैतागून वर बघतेय, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि माझं तोंड फोटोच्या बाहेर गेलंय. तोच बरा आला. मग तिने टेप गुंडाळला, मी लुंगी नेसली, तिघांनी कॉफी प्यायली. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात भाजीवाला आला, दुधी निवडता निवडता ती पायरीवर बसली आणि उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हार्ट. मी म्हटलं, ते मलाही दिसतंय.

आता हे सोंग कशाला केलं ते सांगतो.

आमचं घराणं कधी काळी मराठी फौजेच्या मागून इकडे आलं म्हणतात. फौज गेली, आम्ही राहिलो, कपडे शिवत. मी चौथी पास, तीही कन्नडमध्ये. मराठी अक्षरं आईने चुलीपुढे शिकवली, म्हणून हे लिहितोय. माझ्या वडिलांपासून दुकानात फक्त नाचाचे पोशाख. पायजमा, चोळी, पदर, मागचा तुकडा, आणि पुढे निऱ्यांचा पंखा, जो पोरगी अर्धी बसली की उघडतो. तो नीट उघडायचा तर माप अर्धं बसून घ्यावं लागतं. उभं राहून घेतलं तर आकडा कमी भरतो, पंखा अर्धाच उघडतो, आणि कधी कधी पायजमाच उसवतो, हजार माणसांसमोर.

आणि घराण्याचा नियम असा की पुरुषाने बाईच्या अंगाला टेप लावायचा नाही. कापणार मी, शिवणार मी, मापं घेणार ती. सगळं बेंगळूर तिला अक्का म्हणायचं. मला कोणी काही म्हणायचं नाही, मी आत असायचो.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा तिचे गुडघे सरत आले होते. एका पोरीची अकरा मापं, प्रत्येक वेळी खाली बसायचं, उठायचं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या पोरी आमच्याकडून शिवून घ्यायला लागल्या. रंगप्रवेश, म्हणजे पहिला जाहीर नाच, तिकडेही लग्नासारखा करायला लागले होते लोक. उन्हाळ्याच्या सुट्टीत यायच्या, माप द्यायच्या, जायच्या. ज्यांना येता यायचं नाही त्या पत्राने भलतीच मापं पाठवायच्या. तेव्हा पुणेकर म्हणाला, "काका, तुम्ही वेबसाइट करा ना. छोट्या बिझनेसला आता मस्ट आहे."

मी म्हटलं, "म्हणजे पाटीच ना? अमेरिकेत दिसणारी?"

"ऑलमोस्ट."

पाटीतलं मला कळतं. मी त्याला सांगितलं, वर गणपती, दोन बाजूंना समया, मधे दुकानाचं नाव लाल अक्षरांत, खाली फोन, वडिलांचा फोटो, नटराज, आणि कडेने लुकलुकणारे दिवे. त्याने बिचाऱ्याने सगळं केलं. दिवेसुद्धा लुकलुकवले. वरच्या खोलीत त्याच्या कंप्युटरवर आम्ही दोघं बघायला गेलो. मशीन आधी फोनमधून मांजर चिरडल्यासारखं ओरडायचं, मग गणपती सोंडेपासून हळूहळू खाली उतरायचा. पोटापर्यंत यायला माझी अर्धी विडी संपली.

ती बघत होती. गणपती झाला, समया झाल्या. मग म्हणाली, "हे कोणासाठी आहे?"

"कोणासाठी म्हणजे? दुकानासाठी."

"दुकानाला डोळे आहेत का? तिकडे एक आई बसलीय. तिला एकच भीती आहे, पोरगी स्टेजवर बसली की फाटेल का. तिला समया कशाला दाखवताय?"

पुणेकर खुर्चीत सरळ झाला. "काकू, आमच्या ऑफिसमध्ये हे कोणालाच कळत नाही."

"ऑफिसात पायजमे फाटत नसतील," ती म्हणाली.

त्या दिवसापासून मालक ती झाली. दिवे गेले. समया गेल्या. माझे वडील गेले, दुसऱ्यांदा. गणपती नखाएवढा करून कोपऱ्यात ठेवला, तोही मी रुसलो म्हणून. पहिल्या पानावर नाचताना उघडलेल्या पंख्याचा एक मोठा फोटो आणि खाली एक ओळ: मापं घरी घ्या, कशी ते आम्ही दाखवतो. एवढंच. ते दाबलं की मापांचं पान. अकरा मापं ती मराठीत सांगायची, पुणेकर इंग्रजीत ठोकायचा. ती म्हणायची, "लिही, एकटीने घ्यायचं नाही. लिही, श्वास धरून पोट आत ओढायचं नाही, नाचताना श्वास घेणारच आहे ती." खाली एक चौकट, तिकडच्या आईने आकडे भरायचे आणि पाठवायचे.

फोटो पाहिजे होता. पण कोणती आई आपल्या पोरीचा अर्धं बसलेला फोटो कंप्युटरवर घालू देणार? म्हणून मी. असा मी तिच्या हुकमावरून नाचायला लागलो.

लोकांना कळणार कसं, यावर पुणेकराकडे पुष्कळ इंग्रजी होतं. कुठल्या कुठल्या याद्यांत नाव घालू, लिंक देऊ. तिने ऐकून घेतलं आणि वेबसाइटचं नाव विणलेल्या, चिकटपट्टीएवढ्या फिती करून आणायला सांगितल्या. प्रत्येक पायजम्याच्या कमरेत आतून एक शिवायची. "मेकअपच्या खोलीत सगळ्या आया एकमेकींच्या पोरींना नेसवतात," ती म्हणाली. "कमर उलटी करून बघतातच, कुठून शिवलं म्हणून." जाईपर्यंत सहा पोशाखांत तिने स्वतःच्या हाताने त्या फिती शिवल्या होत्या.

मग दुधी. मग तेरा दिवस. नातेवाईक आले, रडले, जेवले, भात मऊ झाला म्हणाले. भटजींनी मला विचारलं, तिची काही इच्छा राहिली होती का. मी म्हटलं, हो, मापांचं पान. त्यांनी ते संस्कृतात कसं सांगितलं देव जाणे.

चौदाव्या दिवशी दुकान उघडलं. हेब्बाळहून एक आई पोरीला घेऊन आली. आत डोकावली. "अक्का इल्लवा?" मी म्हटलं, अक्का वारली. बाई हळहळली, पोरीला मागे ओढलं आणि गेली. त्या आठवड्यात अशा तिघी गेल्या. तेव्हा मला नीट कळलं की माझे हात शाबूत आहेत आणि दुकान मेलंय. मापच नाही तर कापू काय? उरली ती वेबसाइट. तिथे माप घ्यायला अक्का लागत नव्हती.

आणि नेमकं तिथेच मी शेण खाल्लं.

आमच्यात मालक गेला की दुकानात हार घातलेला फोटो लागतो, समोर, गल्ल्यावर. तिचा एकटीचा फोटो घरात नव्हता. लग्नातला होता, त्यात ती रडतेय. मग मी पुणेकराला म्हटलं, तो मापाचा फोटो काप, तिचा चेहरा तेवढा काढ, हार घाल आणि वेबसाइटवर पहिल्या पानावर लाव. तो म्हणाला, "काका, नक्की?" मी म्हटलं, नक्की. त्याने कंप्युटरवर हार काढला, झेंडूचा. खाली तिचं नाव, नावाआधी कैलासवासी. पंख्याचा फोटो गेला, मापांच्या पानावरचाही गेला, कारण तोच कापला होता. ती वैतागलेली तशीच वर बघत होती आणि खालच्या कोपऱ्यात माझा अर्धा गुडघा राहिला होता. तो काही केल्या कापता येईना. माझा मेहुणा आला, त्याने कंप्युटरला हात जोडले. गुडघ्यालाही पोचले असणार.

रोज सकाळी मी वर जाऊन उदबत्ती लावायचो. पुणेकर आंघोळीहून येईपर्यंत राख कंप्युटरच्या बटणांत पडलेली असायची. तो फुंकर मारायचा. पानाच्या तळाशी एक आकडा होता, किती माणसं येऊन गेली त्याचा. तो वाढायचा. मला वाटायचं, बघ, किती जण तिला भेटून गेले. नंतर कळलं, मी आणि तो उघडायचो ते धरून निम्मे. चौकटीतून एकही माप आलं नाही. महिना गेला.

एका रविवारी दुपारी त्याने वरून हाक मारली. अमेरिकेतून मेल आला होता, एका आईचा. तिच्या मैत्रिणीच्या मुलीच्या कमरेतली फीत वाचून ती पानावर पोचली होती. त्याने तो मनातल्या मनात वाचला.

"काय म्हणतेय?"

"सॉरी म्हणतेय, काकूंबद्दल."

"बरं. आणि?"

"आणि... बाकी तसं काही नाही."

"अरे पुण्याच्या माणसा, एवढं लांबलचक सॉरी नसतं. वाच सरळ."

त्याने वाचलं. बाईला काम आवडलं होतं. मुलीचा रंगप्रवेश चार महिन्यांवर होता. पण तिच्या सासूने पान बघितलं आणि म्हणाली, शुभकार्याचा कपडा आणि दारातच हार घातलेली बाई, नको. आईने सासूला समजावलं असतं. पण मापांच्या पानावर 'अर्धं बसून' लिहिलंय, म्हणजे कसं बसून, किती बसून, ते काही समजत नाही, चित्र नाही. तेव्हा माफ करा, दुसरीकडे बघते.

मी खुर्चीवर बसलो. उदबत्तीची काडी कंप्युटरवर तशीच खोचलेली.

"तुला हे पहिल्या दिवशी कळलं होतं ना?"

"हो काका."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही रोज सकाळी नमस्कार करत होतात. मी काय बोलणार होतो?"

खरं होतं. मी त्या पानावर दुकान मांडलंच नव्हतं, सुतक मांडलं होतं, आणि लग्नघरच्या बायकांना आत या म्हणत होतो. ती असती तर म्हणाली असती, हे कोणासाठी आहे. उत्तर मला माहीत होतं. माझ्यासाठी. सकाळी उठून कुठेतरी जायला पाहिजे म्हणून. खाली दुकानात गेलो तर रिकामी जमीनच दिसायची, ती बसायची तेवढी.

"पहिला अख्खा फोटो आहे का, की मी तोही खाल्ला?"

"फ्लॉपीवर आहे."

"मग हार काढ. कैलासवासी काढ. पंखा परत आण. आणि तिला मापांच्या पानावर बसव, टेपसकट."

"तुम्ही पण याल त्यात. चड्डीत."

"येऊ दे. मला कोण बघतंय."

त्याने काम केलं. मी मागे उभा होतो. हार गेला तेव्हा मी खिडकीबाहेर बघितलं, समोरच्या गच्चीवर कोणाच्या तरी चादरी वाळत होत्या. मग त्याने मला विचारलं, त्या बाईला काय लिहू. मी सांगितलं, लिही, सासूबाईंचं बरोबर आहे. चूक माझी. चित्र लावलंय. माप घेणारी आमच्यात आता नाही, हे लपवत नाही. मापं तुम्ही घ्यायची, ती सांगते तशी. कापणारा अजून आहे. पटलं तर पाठवा.

"सांगते की सांगायची?" त्याने विचारलं.

"तू इंग्रजीत लिहितोयस ना? लिही काय लिहायचं ते."

अमेरिकेचं काय झालं ते त्या दिवशी कळणार नव्हतं. पण मी त्याच्याकडून मापांचं पान कागदावर काढून घेतलं, त्याच्या मशीनवर, करकर करत अर्धा तास. इंग्रजीतल्या प्रत्येक ओळीखाली मी पेन्सिलीने मराठीत लिहून घेतलं, ती काय म्हणाली होती ते. दोन ठिकाणी पुणेकराने तिच्या शिव्या गाळल्या होत्या, त्या मी परत घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाजीनगरहून एक आई आणि तिची बारा वर्षांची पोरगी आली. आईने आत डोकावलं आणि तेच विचारलं. मी म्हटलं, "अक्का नाही. माप तुम्ही घ्या, मी सांगतो." टेप तिच्या हातात दिला, दाराचा पडदा ओढला, आणि कापायच्या टेबलाकडे तोंड करून, त्यांच्याकडे पाठ फिरवून उभा राहिलो.

"पोरी, गुडघे बाहेर काढून खाली बस. आणखी खाली. बाई, आता कमरेपासून घोट्यापर्यंत. पोट आत ओढू देऊ नका."

मागे थोडी खुसफुस झाली. आईने आकडा सांगितला. बारा वर्षांच्या पोरीला, अर्धं बसून, तो कमी होता.

"उभी राहिली ती," मी भिंतीला म्हटलं. "खाली बसवा. परत घ्या."