बाबा कुणाला म्हणायचं

कोरेगावातून निघाले तेव्हा माझी धाकटी बहीण शकू वडूजहून निरोपाला आली होती. गाडीत माझ्या मांडीवर शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी ठेवत म्हणाली, "आक्के, तितं बोलशील कुणाशी गं?"

मी तोऱ्यात म्हणाले, "नातवाशी. त्याला कुटं व्याकरण लागतंय?"

बायांनो, गावाकडं राहिलेल्या आणि माझ्यासारख्या लेकांमागं परमुलखात आलेल्या, ऐका. नातवाशी बोलणंच अवघड निघालं.

कारण त्याचं नाव. माझ्या लेकानं, विनूनं, बुडापेस्टात जन्मलेल्या पोराला आपल्या वडलांचं नाव ठेवलं. आमचे हे फौजेत सुभेदार होते, विनूच्या लग्नाआधीच गेले. त्यांचं नाव मी उभ्या संसारात उच्चारलं नव्हतं. आई बजावायची, "न्हवऱ्याचं नाव घेतलं की त्येचं आयुष्य घटतं." मी इतकी आज्ञाधारक, की एकदा सातारा स्टँडवर हे चहा पीत उभे राहिले, एसटी सुटली, आणि मी खिडकीतून नुसती "आवं! आवं!" करत बसले. झाडून सगळे नवरे वळले, आमचे सोडून. कोरेगावात एकटीच उतरले, तीही ऐटीत, मोठी पतिव्रता!

ते गेले तरी आईचं वाक्य गेलं नाही. आता ते आयुष्य त्या चिमुरड्याचं होतं ना. म्हणून आपल्याकडच्या रीतीनं मी त्याला 'बाबा' म्हणू लागले. सून यूदित खूश! तिच्या हंगेरियनमध्ये बाबा म्हणजे तान्हं बाळ, नाहीतर बाहुली. बाजारातला कबाबवाला तुर्क. त्याच्यात बाबा म्हणजे बाप, आपल्यासारखाच. भाजीवाली म्हातारी बल्गेरियन. तिच्यात बाबा म्हणजे आजी, म्हणजे मीच की! विनू म्हणतो, हे शब्द बहुतेक पोरांच्या बोबड्या बोलातून उगवले, काही शेजारपाजारातून आले. आपला बाबा फारसी-तुर्कीकडून आला की इथलाच, यावर जाणकारांचं जमत नाही. मला विचाराल तर पोरं सगळीकडं सारखीच बोबडी.

पण पोरगं तीन वर्षांचं झालं, बालवाडीत जाऊ लागलं आणि सगळं बिनसलं. तिथं बाबा म्हणजे दुपट्यातलं बाळ. "मी बाबा नाही, मी मोठा आहे," म्हणून माझ्या हाकेला ओ देईना. मीही हट्टी. त्याचं नाव घ्यायची छाती नव्हती.

मग एक शनिवार. बाजारात मी वांगी निवडत होते. त्यानं माझं बोट सोडलं आणि कबुतरामागं थेट ट्रामच्या रुळांकडं धावला. ट्राम येत होती. माझे गुडघे काही पळण्यातले नाहीत. "बाबा! बाबा!" ओरडले. भाजीवालीनं मान वर केली, तुर्क दारात आला, बाळगाडीवाली पोरगी वाकून आपलं बाळ बघायला लागली. तो पळतच होता.

"अवो सर्जेराव, थांबा!"

थांबला. त्याच्या पुढून ट्राम निघून गेली. मी भाजीच्या खोक्यावर मटकन बसले. तो चालत आला, माझ्या तोंडाकडं टक लावून म्हणाला, "आजी, तुला माझं नाव येतं?"

शकूला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "दाजी वर बसून म्हणत असत्याल, आयला, आता हाक मारतीया व्हय!" हसता हसता दोघीही रडलो.

परतीचं तिकीट मी पुढं ढकललंय. कोरेगावचं घर माझंच आहे, किल्ली शकूकडं आहे, वडूजहून येऊन लिंबाला पाणी तीच घालते. पण त्या भिंतींनी ते नाव माझ्या आवाजात कधी ऐकलं नाही. इथं संध्याकाळी बाल्कनीत उभी राहते, खाली अंगणात यूदितबरोबर तो खेळत असतो. मी पोटातून हाक मारते, "सर्जेराव, जेवायला चला!"

खालून ओ येते. कधी लगेच, कधी वैतागून. ती ऐकली की मी आत वळते, ताटं घेते. हल्ली मी घर म्हणते ते याला.