तीनदा अडलं की भूमिका गेली

नाशिकहून निघताना बायकोने विचारलं, "तिकडे पाहण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "एक म्हातारा आहे."

म्हातारा म्हणजे माझे पाटकर सर. आयुष्यभर दिवसा कारखान्यात फोरमन आणि संध्याकाळी नट. पुढे दिग्दर्शक झाले, निवृत्तीनंतर अभिनय शिकवू लागले. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. आता ते पुन्हा मुख्य भूमिका करणार होते. खोटं कशाला सांगू, मला काळजीपेक्षा उत्सुकता जास्त होती.

कल्याणपर्यंत एसटी, तिथून रिक्षा. सर अंबरनाथ पूर्वेला राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर शिवमंदिरापर्यंत चालत गेलो. मी कोरीवकाम बघत होतो, सर ओठांतल्या ओठांत संवाद म्हणत होते.

"सर, पाठ झालं का?" हार विकणाऱ्या बाईंनी विचारलं.

"होतंय, मावशी."

उल्हासनगरात दाल-पकवान (कडक, तळलेली पुरी आणि वर चण्याची डाळ) खाल्लं. पहिल्याच घासाला डाळ माझ्या शर्टावर सांडली. सर हसले, मग गंभीर झाले.

"आज शेवटची तालीम. नियम आठवतो ना? तीनदा अडलं की भूमिका गेली. मग त्याने पुस्तक धरायचं (विंगेत बसून संवाद पुरवायचे)."

"तुम्हालाही?"

"मला वेगळं काय? तुझी नव्हती काढली?"

काढली होती, सगळ्यांदेखत. त्यानंतर मी रंगमंचावर पाऊल ठेवलं नाही.

दुपारी बदलापूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. स्वाती बँकेत नोकरी करते; पुस्तक तिच्याकडे होतं. नेपथ्य सांभाळायला महेश कंपनीतून सुट्टी काढून आला होता. पहिला अंक सरांनी असा केला की मी डाग पुसायचा विसरलो. दुसऱ्या अंकात ते एकदा अडले, थोड्या वेळाने पुन्हा. मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून गप्प झाले. स्वातीने शब्द इतक्या झटकन पुरवला की परक्याला कळलंही नसतं. नाटक पुढे सरकलं. सर थांबले.

"स्वाती, किती झाले?"

"दोन, सर."

"नीट सांग."

ती पुस्तकात बघत राहिली. महेश म्हणाला, "सर, चलता है ना. पुढे घेऊ या."

सर माझ्याकडे वळले. "तू सांग. तू पाहुणा आहेस."

"तीन," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली. स्वातीच्या हातातून पुस्तक घेतलं, विंगेतल्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "महेश, ये. तुला सगळं पाठ आहे, मला माहीत आहे." चष्मा लावून त्यांनी पान शोधलं.

परतीच्या एसटीत कसारा घाट संपेपर्यंत मी तोच हिशेब करत होतो. तीनच झाले होते, त्यात शंका नाही. पण मी क्षणभरही न थांबता बोललो. त्या उत्तरात खरेपणा किती आणि जुना राग किती, हे मला अजून सांगता येत नाही.