विमलला ते मशीन हवं होतं

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी ओट्यावर बसून शेजारणीच्या शिलाई मशीनची बॉबिन केस पुसत होतो. फोनवर तिची सून संगीता होती. "मामा, आई गेल्या," एवढंच म्हणाली. आदल्या दिवसापर्यंत विमल बरी होती, पहाटे छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी ती केस नीट पुसली, जागेवर बसवली, दोरा ओवून दिला आणि मगच उठलो. हात आपलं काम करत राहतात... विमल माझी पाठची बहीण, सहा वर्षांनी लहान. पारोळा, एरंडोल करत बस जळगावला पोहोचली, तोवर मला रडू आलं नव्हतं. ते आलं दहाव्या दिवशी, आणि त्याचं कारण तिथल्या कुणालाच कळलं नाही.

मेहरूण तलावाकडचे विधी उरकून आम्ही पिंप्राळ्याला तिच्या घरी परतलो. कॉलनीतल्या बायका जमल्या होत्या. सगळ्या तिला अक्का म्हणत. त्यांच्या बचत गटातल्या एक बाई उठून चार शब्द बोलल्या. त्या म्हणाल्या, अक्कांना गोधडी शिवायचं मोठं मशीन घ्यायची संधी चालून आली होती, पण त्यांनी दुकानदाराला तोंडावर सांगितलं, "हातानंच सरकवायचं तर मशीन कशाला?" अशी अक्कांची हातकामावर निष्ठा होती, असं त्या म्हणाल्या आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी मात्र तोंड उपरण्यात घालून रडायला लागलो. बहिणीच्या मायेनं म्हातारा कोसळला, असं लोकांना वाटलं. खरी गोष्ट अशी की ते वाक्य विमलचं नव्हतंच. ते माझं होतं. आणि विमलला ते मशीन हवं होतं.

गोधडी शिवायला ती आमच्या आईजवळ शिकली, शिरपूर तालुक्यातल्या आमच्या गावी. जुनी सुती लुगडी एकावर एक अंथरायची, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवायच्या आणि काठाकडून मध्याकडे धावदोरा घालत यायचं. त्यासाठी गोधडीवरच उकिडवं बसावं लागतं, एक गुडघा उभा, एक आडवा. विमल लग्न होऊन जळगावला आली आणि शेजारणीच्या नातवाला एक गोधडी शिवून दिली, तेव्हापासून तिच्याकडची लुगडी कधी संपलीच नाहीत. बाळंतिणी येत, पुण्याला नोकरीला निघालेल्या मुलींच्या आया येत. कुणाची आई वारली की लेकी तिच्या साड्यांचं गाठोडं घेऊन येत. अशा गोधडीत विमल मुद्दाम एखादा पदर वरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे पांघरताना तो तोंडाशी येईल. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी धुळ्यात चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली. नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो म्हणून माझं नाव होतं, आणि त्या नावाची मला फार गोडी होती. विमलचे गुडघे दुखायला लागले, अंगठ्याचा सांधा सुजायला लागला, तेव्हा तिनं घरातल्या साध्या मशीनवर गोधडी घालून पाहिली. जमलं नाही. साध्या मशीनच्या हाताखाली, म्हणजे सुईकडे जाणाऱ्या आडव्या भागाखाली, जागा असते वीतभर; त्यात गोधडीची जाड गुंडाळी शिरत नाही, शिरली तर वळत नाही. मग सात-आठ वर्षांपूर्वी तिला कळलं की जळगावातल्या एका दुकानात खास गोधडीसाठी टेबलात बसवलेलं मशीन आलंय, खुर्चीवर बसून शिवायचं. पैसे तिनं स्वतःच्या कमाईतून बाजूला ठेवले होते, नवऱ्याची आणि मुलाचीही हरकत नव्हती. फक्त मी एकदा बघून हो म्हणावं, म्हणजे ती लगेच घेऊन येईल, एवढंच तिचं म्हणणं होतं. फोनवर म्हणाली, "नाना, तू देखी ले. तू हो म्हना, म्हंजे मी लगेच लई येसू."

आम्ही दुकानात गेलो. मशीनचा हात चांगला लांब होता, खाली दोन उशा ठेवता येतील एवढी जागा. विमलनं टेबलावरून तळवा फिरवला आणि माझ्याकडे बघून हसली. मी नेहमीसारखा वाकलो, सुईखालच्या पट्टीवर बोट फिरवलं आणि थबकलो. पट्टी गुळगुळीत. मशीनला दातेच नव्हते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सुईखाली लोखंडी दाते असतात, ते कपडा धरून टाक्याटाक्यानं पुढे ढकलतात. दात्यांशिवाय मशीन मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. दुकानातला पोरगेला विक्रेता म्हणाला, "काका, यात कपडा आपणच दोन्ही हातांनी फिरवायचा असतो. हवा तसा." मला तेव्हा समजलं नाही, हे मी कबूल करतो. पण चाळीस वर्षं या धंद्यात काढलेला माणूस गिऱ्हाइकांसमोर, बहिणीसमोर, समजलं नाही असं कसं म्हणणार? मी कमरेवर हात ठेवून म्हणालो, "हातानंच सरकवायचं तर मशीन कशाला?" दुकानातली चार माणसं हसली. तो विक्रेताही हसला बिचारा.

विमल खुर्चीच्या पाठीला हात लावून उभी होती. तिनं हळू विचारलं, "बशी देखू का जरा?" मी म्हणालो, बसून बघायची काही गरज नाही, जुनी लुगडी यात फाटतील. फाटतील की नाही हे मला ठाऊक नव्हतं. तिनं खुर्चीवरचा हात काढून घेतला. "तू म्हनस ना, मंग राहू दे," म्हणाली, आणि रस्त्यात मला उसाचा रस पाजला.

माझा विनोद मात्र गाजला. लग्नाकार्यात मीच तो रंगवून सांगायचो. विमल ऐकून हसायची. कुणी विचारलं की मशीन का घेतलं नाहीस, तर ती म्हणायची, "मालेच नको व्हतं." माझं नाव तिनं कधी घेतलं नाही. त्यामुळे हळूहळू तो नकारही तिचा झाला आणि ते वाक्यही.

दोनेक वर्षांनी मी सुरतला मुलीकडे गेलो होतो. तिच्या शेजारच्या कारखान्यात नेमकं तसलंच मशीन दिसलं. एक बाई खुर्चीवर बसून, दोन्ही तळवे रजईवर पालथे ठेवून, ती सुईखाली अशी फिरवत होती जशी लेकराची पाठ चोळावी. टाके वळत होते, परतत होते, तिला हवे तिथे थांबत होते. मी तिला विनंती करून खुर्चीवर बसलो. पाव तासात मला सगळं कळलं. दाते असते तर कपडा सरळच पळाला असता. दाते नव्हते म्हणून तर सगळं शिवणाऱ्याच्या हातात राहत होतं, विमलच्या हातात राहिलं असतं तसं... फक्त तिला गुडघे मोडून बसावं लागलं नसतं.

येताना ठरवलं की आधी पिंप्राळ्याला उतरायचं आणि सांगून टाकायचं. उतरलोही. ती अंगठ्याला चिंधी बांधून गोधडीवर बसली होती, आणि तिचे यजमान घरी आलेल्या पाहुण्याला माझाच दुकानातला विनोद ऐकवत होते. पाहुणा माझ्याकडे कौतुकानं बघून हसला. विमलनं विचारलं, सुरतेत काय काय बघितलंस? मी म्हणालो, काही नाही, कापडाची दुकानं.

दुकानात केली ती चूक म्हणता येईल. ही चूक नव्हती. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तिच्या अंगठ्यानं सुई धरणं सोडलं. शेवटी शेवटी ती नुसती लुगडी निवडून, घड्या घालून द्यायची आणि टाके संगीता घालायची.

दहाव्यानंतर आठवड्याभरात मी पुन्हा जळगावला गेलो. संगीताला समोर बसवलं आणि दुकानापासून सुरतेपर्यंत सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावेल. तिनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाली, "मामा, आईंना ठाऊक होतं."

तिनंच विमलला फोनवर त्या मशीनचा व्हिडिओ दाखवला होता. विमलनं तो पुन्हा पुन्हा लावायला सांगितला होता, हवेत तळवे फिरवून पाहिले होते. संगीता म्हणाली, आई, मग आणूया की. तर विमल म्हणाली, "नानाले सांगू नको, त्याले वाईट वाटी. तो शे तठलोंग हाई मशीन घरमा नको." मी जिवंत असेपर्यंत ते घरात आलं तर भाऊबीजेला मी येणार, मशीन बघणार, माझा शब्द सगळ्यांसमोर खोटा पडणार, हे तिला नको होतं. आणि तिला दिलेला शब्द संगीता तिच्यामागेही पाळत होती. गटातल्या चौघी जणी तिच्या पाठीस लागल्या होत्या की आता ऑर्डरी हातानं पुऱ्या होत नाहीत, काहीतरी कर. तिनं कारण कुणाला सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "म्हणजे मी कधी जातो याची वाट बघत होतीस की काय तू?"

"तुमची तब्येत भारी ठणठणीत आहे मामा," ती म्हणाली, "आमचं काही खरं नव्हतं." आणि मग आम्ही दोघंही हसलो, विमल गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच.

मशीन आता आलं आहे. हे सगळं छापून यावं म्हणून मी लिहितो आहे, कारण कॉलनीत कुजबुज सुरू झाली आहे: अक्का गेली आणि सुनेनं तिचा शब्द मोडला. ज्या बाईंनी दहाव्याला ते वाक्य सांगितलं त्यांचाही दोष नाही, त्यांनी ऐकलं तेच सांगितलं. संगीतानं काहीही मोडलेलं नाही. मोडलं ते मी, त्या दुकानात, आणि त्यानंतर गप्प बसून.

टेबल आलं त्या दिवशी मी तिथे होतो. पुढच्या खोलीत पलीकडच्या खिडकीखाली ते ठेवायचं होतं. माणसं दारातून सरळ आत निघाली तशी संगीता पटकन म्हणाली, "भिंतीकडून, भिंतीकडून या." खोली पूर्ण रिकामी होती. तीस वर्षं मधोमध गोधडी अंथरलेली असायची, म्हणून घरातलं, दारातलं प्रत्येक माणूस कडेकडेनंच जायचं. माणसांनी एकदा मोकळ्या फरशीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि ते जड टेबल भिंतीला घासत लांबून नेलं. संगीता खुर्चीवर बसली, तळवे कापडावर ठेवले आणि मला दारातून जवळ बोलावलं, म्हणाली, बघा तरी. मी चपला दाराशी काढल्या आणि भिंतीच्या कडेनं तिच्याकडे गेलो.